हात कुठे ठेवू?

माणसाला दोन हात असतात, हे त्याला एरवी आठवत नाही. ते आठवतं फोटो स्टुडिओत. पत्ते पिसताना, शेंगा सोलताना, शेजाऱ्याचं वर्तमानपत्र हळूच ओढताना जे हात कुणालाही विचारत नाहीत, तेच स्टुलावर बसल्यावर उसने आणल्यासारखे लोंबू लागतात. मग फोटोवाला त्यांची सोय लावतो. हनुवटीखाली मूठ दिली की कवी, जाड पुस्तकावर हात ठेवला की वकील आणि तिवईवरच्या कागदी फुलांना बोटं टेकवली की उपवर कन्या.

पुढे आपण त्या हातांवरून माणसाचा स्वभाव वाचतो! जुन्या फोटोतली माणसं म्हणे करारी. अहो, १८३९ साली डागेरची युक्ती जगापुढे आली, तेव्हा एका चित्राला काही मिनिटं लागत. माणूस हलू नये म्हणून पुढे मानेमागे लोखंडी आधार लावू लागले. त्या अवस्थेत हसायला संतच हवा. आधार गेला, पण चेहरा घराण्यात राहिला.

चर्चिलचा तो गाजलेला फोटो घ्या. डिसेंबर १९४१, ओटावाचं पार्लमेंट. यूसुफ कार्शनं साहेबांच्या तोंडातला सिगार चक्क काढून घेतला आणि फोटो टिपला. एक हात कमरेवर, कपाळाला आठ्या. जगाला त्यात हिटलरला ललकारणारं इंग्लंड दिसलं. मला दिसतो तो पुढ्यातला चहा उचलून नेलेला गृहस्थ. नंतरच्या फोटोत साहेब हसले, पण त्याची आठवण कोण काढतो?

आमच्या आजोबा-आजींचा एकच फोटो आहे. आजोबा खुर्चीत, दोन्ही हात काठीवर. आजी मागे उभी. पाहुणे म्हणतात, "काय दरारा असेल हो!" आत्या सांगायची ते वेगळंच. "अरे, कसला दरारा! फोटोवाला काळ्या कापडात शिरला की दादा उठून बघायला जायचे, हा आत करतोय काय! दोन काचा फुकट गेल्या. शेवटी आईनं मागून त्यांचा कोट घट्ट धरला."

चारचौघांत नवऱ्याचं नावही न घेणारी आमची आजी! आत्या गेली, आता हे सांगणारं कुणी उरलं नाही. आणि आजीचा तो हात तर कोपरापासून पुढे फोटोत दिसतच नाही.