एका इंचाचा हिशेब

आपल्या रस्त्यांवर मोटार चालवणाऱ्याला गाडी जमिनीपासून जितकी उंच तितकी बरी वाटते. गतिरोधक, खड्डे आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी यांतून सुखरूप बाहेर पडायचे, तर गाडीच्या पोटाखाली मोकळी जागा हवीच. त्यामुळे कोणी पदरचे पैसे घालून, हौसेने आपली मोटार खाली बसवून घेतो, हे ऐकले की घरातील वडीलधाऱ्यांना नवल वाटते. परंतु वळणांवरून वेगाने जाण्यासाठीच घडवलेल्या छोट्या, दोन आसनांच्या मोटारींचे जग निराळे आहे. त्या जगात गाडीची उंची एक-दोन इंचांनी उतरवणे हा जुना छंद आहे, आणि अनेक हौशी माणसे तो घरच्या गॅरेजात स्वतःच्या हातांनी पुरा करतात.

या छंदाला शास्त्राचा आधार आहे. वळण घेताना मोटारीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. आतल्या टायरांची जेवढी पकड त्यामुळे सुटते, तेवढी बाहेरच्या टायरांना मिळत नाही. एकंदर पकड घटते. गुरुत्वमध्य जितका खाली, तितके हे सरकणे कमी. मात्र लाभ किती, हे आकड्यांत पाहावे. गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच आहे असे धरले आणि तो २५ मिलिमीटरने, म्हणजे एका इंचाने खाली आला, तर भाराचे सरकणे जेमतेम ५ टक्क्यांनी घटते. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. खड्ड्यावर चाक वर उचलले जाण्यासाठी जी जागा असते, तीच या इंचातून खर्च होते.

हा जमाखर्च एका कुटुंबात प्रत्यक्ष मांडला गेला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या आसपास, मोटार-उद्योगाच्या निमित्ताने स्थिरावलेली मराठी घरे आहेत. त्यांतल्या एका घरातील तरुण अभियंत्याने जुनी माझदा एमएक्स-५ विकत घेतली. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात ही गाडी प्रथम जगासमोर आली; हिरोशिमात बांधलेली, १.६ लिटरचे इंजिन असलेली, छप्पर मागे सारता येणारी आणि दिवे लावताच डोळे उघडावेत तसे ते वर येणारी. घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत, अशा अर्थाचा जपानी शब्दप्रयोग तिच्या निर्मात्यांनी आपले ध्येय म्हणून स्वीकारला होता. २०१६ मध्ये या नावाची दहा लाखावी गाडी बाहेर पडली. तरुणाची गाडी पहिल्या पिढीतील. तिच्या स्प्रिंगा थकल्या होत्या आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल पाझरत होते. ते बदलणे भागच होते. त्याच खर्चात गाडी दोन इंच खाली घ्यावी, असे त्याने मनाशी ठरवले.

त्या उन्हाळ्यात आईवडील सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आले होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अण्णांनी तीस वर्षे स्वतःचा लेथ चालवलेला. ट्रकचे कमानपाटे, त्यांचे बुश आणि पिना त्यांच्या हाताखालून असंख्य वेळा गेल्या होत्या. एवढ्या ठेंगण्या गाडीशी मात्र त्यांचा संबंध कधी आला नव्हता. मुलाने बेत सांगितला, तेव्हा त्यांनी होकार दिला नाही की नकारही दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "दोनच इंच का? दीड का नाही, तीन का नाही?"

मुलाने छायाचित्रे दाखवली. चाक आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये दोन बोटे मावावीत, इतकीच फट त्यांत दिसत होती. आईने ती पाहिली आणि म्हणाली, "आत्ताच या गाडीतून उठताना माझे गुडघे बोलतात. आणखी दोन इंच खाली नेलीस, तर मला उठवायला क्रेन आणशील का?" सगळे हसले; पण अण्णांनी ती गोष्ट आपल्या छोट्या वहीत टिपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या दांड्याकडे लक्ष वेधले. त्यावरचे धुळीचे रबरी आवरण जुनेपणाने फाटून गेले होते, म्हणून दांडा स्प्रिंगेच्या वेढ्यांमधून स्पष्ट दिसत होता. त्यांनी त्यावर प्लास्टिकचा एक बारीक बंद आवळून बसवला आणि मुलाला नेहमीच्या रस्त्याने फिरून यायला सांगितले. मिशिगनमध्ये हिवाळ्यात पाणी भेगांत गोठते, वितळते, पुन्हा गोठते. त्याने रस्ते फुटतात. त्या खड्ड्यांवरून गाडी गेली की शॉकअ‍ॅब्सॉर्बर दाबला जातो, त्याचे तोंड बंदाला वर ढकलते आणि बंद तेथेच राहतो. मुलगा परतला तेव्हा बंद आणि वरचा रबरी ठोकळा यांत ३० मिलिमीटर अंतर उरले होते.

"हे तुझे भांडवल," अण्णा म्हणाले. "यातून किती खर्च करायचे ते तू ठरव."

हिशेब सरळ होता. गाडी ५० मिलिमीटर उतरवली, तर अशा प्रत्येक खड्ड्यावर ती रबरी ठोकळ्यावर आदळणार. ठोकळ्यावर टेकलेले चाक वळणात एकाएकी ताठर होते आणि पकड अचानक सोडते. ज्या वळणासाठी खटाटोप करायचा, तेथेच दगा होतो. २५ मिलिमीटर उतरवली आणि स्प्रिंग थोडी अधिक ताठर घेतली, तर गाडी तितकी दबणार नाही आणि काही जागा शिल्लक राहील. मुलाने दोन इंचांचा आग्रह सोडला. छायाचित्रातल्यासारखी दोन बोटांची फट मिळणार नाही, याची हुरहुर त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिले नाही.

शनिवारी सकाळी काम सुरू झाले. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग जॅकने गाडी उचलली आणि चौकटीच्या नेमून दिलेल्या जागांखाली लोखंडी घोड्या लावल्या. मुलाने पहिल्या चाकापाशी केवळ जॅकच्या भरवशावर हात आत घातला, तेव्हा अण्णांचा आवाज प्रथमच चढला. "जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. तेलाच्या एका वायसरवर तू मान ठेवतो आहेस." त्यानंतर प्रत्येक वेळी घोड्या लावून, गाडीला हाताने जोरात हलवून पाहिल्याशिवाय कोणी खाली वाकले नाही. काढलेली चाकेसुद्धा आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवली. घोडी निसटलीच, तर गाडी त्यांवर टेकावी म्हणून.

पुढच्या बाजूला वरच्या बाहूचा लांब बोल्ट काढून, बॉनेटखालचे दोन नट सोडवले की स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकत्र बाहेर येतात. खरा धोका यानंतर असतो. दांड्याच्या टोकावरचा मधला नट स्प्रिंगला दाबून धरतो. स्प्रिंग आधी साधनाने आवळून घेतली नाही आणि तो नट सोडला, तर ती उसळते. एका मिलिमीटरला ३ किलो इतकी ताठर स्प्रिंग १० सेंटिमीटर दाबली, तर तिच्यावर ३०० किलोंचा भार असतो आणि १५ किलोंचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे तितकी शक्ती तिच्यात कोंडलेली असते. अण्णांनी साधनाचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने, समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा फिरवायला लावले आणि स्प्रिंगेच्या टोकासमोर कोणी उभे राहू नये, असा नियम घातला. आई चहा घेऊन दारात आली, तेव्हा तिलाही त्यांनी बाजूला व्हायला सांगितले.

रविवारी दुपारी चारही स्प्रिंगा बसल्या. परंतु बाहूंच्या बुशांचे बोल्ट अजून पक्के आवळायचे नव्हते. या बुशांतील रबर लोखंडाला चिकटवलेले असते. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच ते रबर पिळले जाते, गाडीची उंची चुकते आणि रबर लवकर फाटते. म्हणून चाके बसवून, नट पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळून, चारही चाकांखाली रुंद लाकडी ठोकळे देऊन गाडीचा भार चाकांवर आणला. मग मोजमाप झाले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत तीन ठिकाणी ३३० मिलिमीटरच्या आसपास आकडा आला. मागचे डावे चाक मात्र ३३८ दाखवत होते.

सायंकाळ होत आली होती आणि सोमवारी मुलाला कामावर जायचे होते. "आठ मिलिमीटर कोणाला दिसणार, अण्णा? थोडी चालली की बसेल आपोआप."

"बसेल तेव्हा कुठे बसेल, ते तुला ठाऊक आहे का?" अण्णांनी विचारले. मुलगा गप्प राहिला. थोड्या वेळाने त्याने स्वतःच जॅक पुढे ओढला.

डाव्या मागच्या बाजूची जोडणी पुन्हा उतरवली. स्प्रिंगेच्या तारेचे टोक खालच्या बशीतील पायरीला टेकायचे असते. ते तेथून पुढे सरकून पायरीवर चढून बसले होते. गाडी तशीच रस्त्यावर गेली असती, तर एखाद्या खड्ड्यावर स्प्रिंग झटक्याने जागेवर सरकली असती, कदाचित ऐन वळणात. टोक पायरीला लावले, सगळे पुन्हा जोडले आणि आकडा ३३१ आला. मग ठोकळ्यांवर उभ्या गाडीखाली सरकून मुलाने बुशांचे बोल्ट एकेक करून आवळले. अण्णा विजेरी धरून बसले होते. जेवायला रात्रीचे नऊ वाजले. दोघांच्याही नखांत ग्रीस होते आणि आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. चाकांची वरची कड आत झुकते आणि चाके परस्परांशी समांतर राहत नाहीत. ते दुरुस्त केले नाही, तर टायर आतल्या बाजूने लवकर झिजतात. म्हणून मंगळवारी गाडी व्हील अलाइनमेंटसाठी नेली. या गाडीच्या चारही चाकांचे कोन बोल्टांवरील कॅम फिरवून जुळवता येतात. चालकाच्या वजनाने कोनांत फरक पडतो, म्हणून आसनावर तेवढा भार ठेवून मोजणे चांगले. मुलाच्या विनंतीवरून अण्णा चालकाच्या आसनावर बसले आणि तासभर तेथेच स्टीअरिंगवर हात ठेवून स्तब्ध राहिले. उतरताना त्यांनी मुलाच्या खांद्याचा आधार घेतला. दोन इंच उतरवले असते, तर हा आधार प्रत्येक वेळी लागला असता, हे दोघांच्याही ध्यानात आले. बोलले कोणी नाही.

अण्णा कोल्हापूरला परतल्यावर ही हकीकत पुतण्याच्या कानी गेली आणि आपल्या छोट्या गाडीलाही असेच करावे, असे त्याने सुचवले. अण्णांनी त्याला दोन कारणे सांगून परावृत्त केले. पहिले, आपले गतिरोधक. दुसरे, कायदा. भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे, काही अपवाद सोडता, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच स्पष्ट केले आहे. थकलेल्या स्प्रिंगा आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर मूळ मापाचे नवे घालून घे, निम्मी मजा त्यातच आहे, असे त्यांनी पुतण्याला सांगितले. मिशिगनमधल्या गाडीच्या बाबतीतही ते बरेचसे खरे होते. तिचे वळण सुधारले त्यातला मोठा वाटा नव्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरांचा होता, असे मुलाचे आता मत झाले आहे.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही महिन्यांत किंचित बसतात. म्हणून निघताना अण्णांनी वहीतील ते पान फाडून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवून ठेवले होते: तारीख, चार चाके, चार आकडे आणि खाली आणखी चार रिकामे रकाने. ऑक्टोबरमध्ये, गाडी हिवाळ्यासाठी झाकून ठेवण्यापूर्वी, मुलाने टेप घेऊन ते रकाने भरले आणि कोल्हापूरला फोन लावला.

"किती बसली?" अण्णांनी विचारले.

"तीन मिलिमीटर."

"चारही?"

मुलाने भिंतीवरच्या कागदाकडे पाहत चारही आकडे एकामागून एक वाचून दाखवले, आणि पलीकडे ते वहीत उतरवून घेतले जात आहेत हे ओळखून, तो सावकाश वाचत गेला.