ताउलचें ख्रिस्तमंदिर

स्पेन देशाच्या ईशान्येस, कातालोनिया प्रांतांत, पिरेनीज पर्वताच्या कुशींत बोई नांवाचें एक खोरें आहे. त्यांत समुद्रसपाटीपासून सुमारें ५,००० फुटांवर ताउल हें लहानसें खेडें वसलेलें आहे. चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्हीं सहकुटुंब त्या बाजूचा प्रवास केला, तेव्हां तेथील संत क्लेमेंत याचें ९०० वर्षांचें जुनें मंदिर पाहण्याचा योग आला.

वस्तुतः या मंदिराची ओळख आम्हांस प्रथम बार्सेलोना शहरांतील राष्ट्रीय कलासंग्रहालयांत झाली. तेथें मुद्दाम बांधलेल्या अर्धगोल गाभाऱ्यांत येशू ख्रिस्ताचें भव्य भित्तिचित्र आहे. उजवा हात आशीर्वादार्थ उचललेला, डाव्या हातांत उघडा ग्रंथ, आणि दोहों बाजूंस ग्रीक वर्णमालेचीं आद्य व अंत्य अक्षरें. म्हणजे आदिही तोच व अंतही तोच. डोळे असे कीं, पाहणारासच आपण पाहिले जात आहों असें वाटावें. चित्राचें मूळ स्थान ताउल, असें वाचून आम्ही म्हणालों, "देव येथें आहेत, आतां देऊळ पाहूं या."

रोमन धर्तीच्या अर्धगोल कमानींमुळें ज्या पद्धतीस रोमानेस्क म्हणतात, तिचा हें मंदिर उत्तम नमुना होय. आंत वाटोळ्या खांबांच्या दोन रांगांनीं तीन दालनें पाडलेलीं आहेत. वर लांकडी छप्पर, व पूर्वेस तीन अर्धगोल गाभारे. शेजारीं सहा मजल्यांचा चौकोनी घंटामनोरा उभा आहे. भिंतींच्या बाह्यांगावरील चिमुकल्या कमानींची नक्षी इटलींतील लोंबार्दी प्रांताच्या गवंड्यांची. भिंती जाड व खिडक्या लहान, म्हणून आंत काळोख फार. परंतु त्यामुळेंच चित्रकारास विस्तीर्ण भिंती लाभल्या. १० डिसेंबर ११२३ रोजीं बिशप रामोन यानें येथें प्रतिष्ठा केली, असा लॅटिन लेख एका खांबावर रंगविलेला होता. दुसऱ्याच दिवशीं त्याच खेड्यांत संत मारियेच्या मंदिराचीही प्रतिष्ठा झाली!

मग चित्र गेलें कसें? १९०७ सालीं विद्वानांनीं हीं खोरीं धुंडाळून चित्रांची थोरवी जगास कळविली. कीर्तीमागोमाग व्यापारी आले. कातालोनियांतील मूर येथील गाभाऱ्याचें चित्र विकलें जाऊन १९२१ सालीं अमेरिकेंतील बोस्टनच्या संग्रहालयांत गेलें. तेव्हां बार्सेलोनाच्या संग्रहालय-मंडळानें १९१९ ते १९२३ या काळांत इतर चित्रें स्वतःच काढून नेलीं. चित्रावर सरसानें कापड चिकटवावयाचें, वाळल्यावर तें ओढावयाचें, म्हणजे रंगाचा पापुद्रा कापडाबरोबर निघून येतो. त्या गुंडाळ्या खेंचरांच्या पाठीवरून डोंगर उतरल्या.

ताउलच्या गाभाऱ्यांत पुढें कित्येक वर्षें नक्कल होती. ती काढून २०१३ पासून प्रकाशाच्या योगानें मूळ चित्र भिंतीवर उमटवितात. आम्ही काळोखांत बसलों. प्रथम रेषा उमटल्या, मग रंग भरले, आणि तेच डोळे आमच्याकडे पाहूं लागले. कांहीं मिनिटांत सर्व मावळून उघडा दगड राहिला. आमचें कुटुंब हळूच म्हणालें, "अहो, एवढ्यांत विसर्जनही झालें?"

या प्रश्नास आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मंडळानें चित्र हलविलें नसतें तर कदाचित् तेंही समुद्रापार गेलें असतें. म्हणून त्यास दोष देववत नाहीं. परंतु ज्या अरुंद खिडकींतील उजेडासाठीं तें काढलें, तो उजेड संग्रहालयांत नेतां आला नाहीं, हेंही खरें. चित्र वांचलें, दर्शन मात्र दोन ठिकाणीं विभागलें गेलें.

निघतांना आम्हीं गाभाऱ्याजवळ जाऊन पाहिलें. भिंतीवर मूळ रंगाचे कांहीं तुकडे अद्याप आहेत. कापडास ते चिकटले नाहींत, म्हणून घरीं राहिले.