टेंबलाईच्या टेकडीवर

करवीरक्षेत्री येणारा यात्रेकरू अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्याच्या काठी घटकाभर बसतो आणि वाडी रत्नागिरीस ज्योतिबाकडे निघून जातो. शहराच्या पूर्वेस असलेल्या टेंबलाईच्या टेकडीकडे त्याची पाठच होते. ह्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्या टेकडीवरील देवीनेही शहराकडे पाठच केलेली आहे. आणि ती का केली, हे पाहण्यासाठीच आम्ही एका ललितापंचमीस तेथे गेलो होतो.

पोथीत तिचे नाव त्र्यंबोली, लोकांच्या तोंडी टेंबलाई. कथा अशी सांगतात: महालक्ष्मीने कोल्हासुराला मारले, तेव्हा मरता मरता त्याने वर मागितला की ह्या क्षेत्राला माझे नाव राहावे व दरसाल येथे कोहळ्याचा बळी पडावा. देवीने तो दिला. पुढे त्याचा मुलगा कामाक्ष ह्याने कपिलमुनींपासून योगदंड मिळवला आणि बापाचा सूड म्हणून महालक्ष्मीसकट साऱ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून सोडले. त्या बिकट प्रसंगी त्र्यंबोली धावून आली. तिने युक्तीने तो दंड हस्तगत केला, कामाक्षाचा वध केला आणि देवांना त्यांची मूळची रूपे परत दिली. मग विजयाचा मोठा सोहळा झाला. त्याचे आमंत्रण सर्वांना गेले. एकट्या त्र्यंबोलीला तेवढे विसरले.

ज्या घरांत एका पंक्तीला पंचवीस पाने मांडली जातात, तेथील वाचकांना ह्या विसराचे गांभीर्य समजावून सांगावयास नको. मुंजीचे बोलावणे धाकट्या आत्याला पोहोचले नाही, तर तो विषय पुढे किती लग्नकार्यांत निघतो, हे आपण सारे जाणतो. त्र्यंबोली भांडली नाही. ती उठली, टेकडीवर गेली आणि नगराकडे पाठ करून बसली.

आता चूक कोणी दुरुस्त करावी? महालक्ष्मीचा थोरपणा किती, हे सांगण्याची गरज नाही. शिलाहार राजे आपल्या बिरुदावलीत महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभल्याचे अभिमानाने मिरवीत. संकटकाळी लपवून ठेवलेली तिची मूर्ती १७१५ साली देवळात पुन्हा स्थापन झाली, तो प्रसंग करवीरच्या इतिहासात अजून सांगितला जातो. अशी ही देवी कोणाला तरी निरोप देऊन धाकटीला बोलावून घेऊ शकली असती. ती स्वतः निघाली. आणि दर आश्विन शुद्ध पंचमीस अजून निघते.

सकाळी पालखी मंदिरातून बाहेर पडते. तुळजाभवानीची व गुरुमहाराजांची अशा आणखी दोन पालख्या बरोबर असतात. वाटेत टाकाळ्यावर विसावा होतो. लोक पायघड्या घालतात, रांगोळ्या काढतात, सुवासिनी ओवाळतात. आम्ही पालखीच्या मागे चालत गेलो. चढण फारशी नाही, परंतु आश्विनातले ऊन डोक्यावर येते आणि गर्दी इतकी की पाय आपले आपण उचलावे लागत नाहीत. माथ्यावर दोघी बहिणींची भेट होते. तरीही रुसवा सहज जात नाही. कोल्हासुराला कसे मारलेस ते मला दाखव, असा त्र्यंबोलीचा हट्ट; म्हणून तेथे कोहळा फोडावयाचा. हे काम गुरव घराण्यातील एका लहान कुमारिकेचे असते. छत्रपतींच्या हस्ते तिची पूजा होते आणि मग ती त्रिशूळाने कोहळ्याचा भेद करते.

ते दृश्य पाहताना आम्हांस एकदम आमच्या आजीची आठवण झाली. आजीने उभ्या आयुष्यात अखंड कोहळ्याला विळी लावली नाही. सांडगे घालावयाचे असोत की कोहळेपाक करावयाचा असो, पहिला घाव घरातल्या एखाद्या पुरुषाने घालावयाचा. कोणी नसले तर मुंज न झालेल्या नातवाला हाक मारावयाची. कारण विचारले तर, ‘कोहळा म्हणजे बळी रे, बायकांनी तो देऊ नये,’ एवढेच उत्तर मिळे. पशूच्या जागी कोहळा द्यावा, ही शाक्त पूजेतील सोय आपल्या स्वयंपाकघरापर्यंत अशी येऊन पोहोचली आहे. आणि येथे राजे हात जोडून उभे, पुरोहित बाजूला, आणि तो बळी नऊदहा वर्षांची मुलगी देत होती! आजी असती तर काय म्हणाली असती, हा प्रश्न आम्ही घरी येईपर्यंत सोडवीत होतो.

आमच्यासारख्या घरांत टेंबलाई, मरगाई ह्यांना ‘त्यांच्या देवी’ म्हणण्याची रीत होती, हे कबूल केले पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांचा दैवतकथांवरील इंग्रजी ग्रंथ १९६२ साली निघाला. माळावरच्या, तिठ्यावरच्या अशा मातृदेवता विद्वानांच्या अभ्यासाला किती योग्य आहेत, हे त्यात दिसले. आमचा तर्क असा की टेकडीवरची देवी ही ह्या भूमीची जुनी मालकीण असावी, आणि दरसालची ही भेट म्हणजे तो जुना हक्क मान्य करणे असावे.

देवाच्या रागाची अशीच एक कथा फार दूर, फिजी बेटांत आहे. १८७९ पासून ऊस लावण्यासाठी आपले गिरमिटिये जेथे नेले, त्याच बेटांतील मूळ रहिवाशांचा थोर देव देंगेई. हा सर्परूप असून विती लेवू बेटावरील नाकाउवान्द्रा पर्वताच्या गुहेत राहतो. त्याने कूस बदलली की भूकंप होतो, असे म्हणतात. त्याला पहाटे जागे करणारे आवडते कबुतर दोन जुळ्या भावांनी मारले. त्यावरून युद्ध पेटले, देवाने प्रलय आणला आणि त्या भावांच्या बाजूचे सुतारकाम करणारे कुळ पाण्याबरोबर दूर वाहून गेले. तेथील देवळांत छपरापासून सालीच्या पांढऱ्या वस्त्राची पट्टी लोंबत सोडलेली असे. तिच्यावरून देव उतरून पुजाऱ्याच्या अंगात येई आणि पुजारी थरथरू लागे. हे वर्णन आपल्या गावच्या देवऋषीला वाचून दाखवले तर तो मुळीच चकित होणार नाही. १८५४ साली थाकोम्बाऊ ह्या प्रबळ सरदाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ती देवळे गेली. देंगेईचे नाव मात्र त्या पर्वताशी आजही जोडलेले आहे. त्याच्या गुहेशी समजुतीची पालखी घेऊन कोणी गेल्याचे त्या कथेत नाही.

टेंबलाईकडे मात्र पालखीखेरीज पाणीही जाते. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की मंगळवारी व शुक्रवारी गल्लोगल्लीच्या बायका व मुली कळशा डोक्यावर घेऊन टेकडी चढतात आणि ते पाणी देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. पुढे ‘पी ढबाक’ वाद्याचा गजर चालू असतो. त्या दिवशी गल्लीत जे जेवण शिजते त्याची आमच्या पंक्तीत चर्चा होत नाही; वास मात्र सोवळे पाळीत नाही.

ललितापंचमीचा कोहळा फुटला त्या क्षणी त्याच्या तुकड्यांसाठी जी झुंबड उडाली, तीत आमची चप्पल गेली. घरात तो तुकडा ठेवला की भरभराट होते, अशी श्रद्धा आहे. आम्ही मागेच उभे होतो. पण शेजारच्या एका म्हातारीने आपल्याला मिळालेल्या फोडीतली बोटभर फोड मोडून आमच्या हातावर ठेवली. ती रुमालात बांधून आम्ही अनवाणीच टेकडी उतरलो. खाली पालखी परतीला लागली होती. मागे वळून पाहिले तेव्हा देऊळ दिसले. देवी पलीकडे, पूर्वेकडे तोंड करून होती.