लोरिसचे हात

लोरिसचा फोटो म्हणजे डोळ्यांचा फोटो, असं जणू ठरूनच गेलं आहे. तपकिरी वर्तुळांत बसलेले दोन मोठे गोल डोळे चौकट भरून आपल्याकडे पाहतात आणि त्यांच्या मागचा दीडदोनशे ग्रॅमचा, झाडांवर राहणारा निशाचर जीव कुठल्या कुठे विरून जातो. या डोळ्यांपायीच त्याचा घात होत आला आहे. डोळ्यांच्या दुखण्यावर औषध म्हणून, करणी-चेटकासाठी म्हणून दक्षिण भारतात लोरिस धरले गेले, मारले गेले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो असला, तरी ती भीती पुरती सरलेली नाही. त्याला धरणाऱ्यांना डोळे हवे होते. आम्हा फोटो काढणाऱ्यांनाही डोळेच हवे असतात. हे साम्य एकदा लक्षात आलं आणि मग कॅमेरा उचलताना ते मनातून जाईना.

मी त्याला पाहते ते गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणातल्या खोतीगावच्या जंगलात. इथलं दमट पानझडी रान ओढ्यांकडे उतरता उतरता सदाहरित होत जातं. वर माटी आणि किंदळ, त्यांच्या खाली अंधार धरून राहणारी झाडी, आणि या खोडावरून त्या खोडावर गेलेल्या गारंबीच्या वेली. पावसाळ्यात रात्री सर थांबली तरी पानांवरून पानांवर पाणी गळत राहतं आणि जंगलात पाऊस पडतच राहतो. अशा वेळी लोरिसला आधी कानांनी शोधावं लागतं. त्याची एक बारीक, लांबवर जाणारी शिट्टी असते. माझ्यासोबत येणारे गावातले काका ती ऐकून जागीच थांबतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. मग हलकेच म्हणतात, “पळय, थंय.” त्यांनी दाखवलेल्या दिशेला मला प्रथम फक्त पानं दिसतात.

टॉर्चवर आम्ही लाल कागद लावलेला असतो. तांबड्या उजेडाचा लोरिसला फारसा त्रास होत नाही, म्हणून त्याचे अभ्यासकही तोच वापरतात. त्याच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो. आत आलेला प्रकाश त्यावरून उलटतो आणि पडद्याला दुसऱ्यांदा भेटतो, त्यामुळे आपण जिथे चाचपडत असतो तिथे त्याला पानावरचा किडा दिसतो. त्या डोळ्यांवर फ्लॅशचा लख्ख मारा केला आणि काही क्षण त्याला काहीच दिसेनासं झालं, तर उंच फांदीच्या टोकाशी असलेल्या त्या जिवानं काय करायचं? मी फ्लॅश वापरत नाही. कॅमेऱ्याच्या पुढचा छोटा दिवाही बंद करून ठेवते. मग आयएसओ वाढवत न्यायचा, फोकस हातानं लावायचा, आणि तो थबकला की पंधरांश सेकंदाला श्वास रोखून बटण दाबायचं. फोटो दाणेदार येतो. सगळा लालच असतो, म्हणून मी तो कृष्णधवल करते. अशा फोटोंत डोळे फिके पडतात आणि हात दिसू लागतात.

त्या हातांवर माझा जीव जडला आहे. नरवानर गणातला आपला हा इवला नातेवाईक. त्याला शेपूट नाही. जे काही सावरायचं ते चार पंजांनीच. अंगठा बाकीच्या बोटांपासून चांगला लांब फाकतो आणि शेजारचं बोट आखूड असतं, त्यामुळे पकड चिमट्यासारखी पक्की बसते. हातापायांत रक्तवाहिन्यांचं एक दाट जाळं असतं, त्याच्या बळावर तो एकाच जागी फांदी धरून तासन्‌तास काढू शकतो. पायाच्या दुसऱ्या बोटाला एक नखी असते, ती केस विंचरायला. हातापायांना तो स्वतःचं मूत्र चोळतो. ते पकडीसाठी, वासाची खूण ठेवण्यासाठी की विषारी मुंग्यांच्या दाहावर, याबद्दल जाणकारांची मतं निरनिराळी आहेत. मुंग्या, वाळवी, भुंगेरे हे त्याचं खाणं. भक्ष्याकडे तो इतक्या सावकाश सरकतो की पाहणाऱ्याला वेळ थांबल्यासारखी वाटते. आणि मग एकदम दोन्ही हात पुढे झेपावतात. तो क्षण मला अजून एकदाही टिपता आलेला नाही, आणि त्याची मला खंत नाही.

पण हातांकडे पाहता पाहता खरी गोष्ट समजते ती अशी की लोरिस उडी मारत नाही. माकड झेप घेतं, खार झेप घेते. लोरिस मागच्या पायांनी एक फांदी धरून अंग लांबवतो, लांबवतो, पुढची फांदी हाताला लागली की मगच मागची सोडतो. हात पोहोचेल तितकंच त्याचं जग पुढे सरकतं. फांद्यांमध्ये अंतर पडलं तर तो अडतो, नाहीतर जमिनीवर उतरतो. आणि जमिनीवर कुत्री आहेत, मोटारी आहेत. आई पिलाला फांदीवर ठेवून रात्री खाणं शोधायला जाते. तिची परतीची वाट याच जुळलेल्या फांद्यांवरून असते.

तामिळनाडूनं २०२२ साली कडवूरला खास लोरिससाठी अभयारण्य जाहीर केलं, त्याचा मला फार आनंद झाला. ते कोरडं रान आहे. आपल्याकडचा मलबारी लोरिस मात्र अंगानं लहान, रंगानं तांबूस, आणि दमट झाडीचा रहिवासी. त्याच वर्षी मे महिन्यात गोव्यातल्याच मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या कॅसलरॉक ते कुळे या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. गोव्यातली तरुण मुलं या कामाच्या विरोधात रस्त्यावर उतरली होती. वाघ, गवे, धबधबे यांची नावं तेव्हा खूप घेतली गेली, आणि ती घ्यायलाच हवी होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र सतत हा लहानगा होता, कारण जंगल कापत जाणारी प्रत्येक रेघ, मग ती रुळांची असो वा तारांची, त्याच्यासाठी न ओलांडता येणारी आहे.

लोरिसचा फोटो कोणाला देताना मी त्यातली जागेची नोंद पुसून देते, आणि कोणी विचारलं तरी जागा सांगत नाही. हल्ली दिवसाही जाते. गावाच्या रस्त्यावरून मान वर करून चालायचं आणि जिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर अजून जुळलेल्या आहेत तिथले फोटो काढायचे. त्यांत लोरिस नसतो. पावसाळ्याआधी विजेच्या तारांसाठी छाटणी होते, तेव्हा माणसं कोयते घेऊन येतात आणि त्यांनाही काम उरकायचं असतं. काका त्यांना हे फोटो दाखवतात आणि बोटानं सांगतात, ही फांदी तोडलीत तरी चालेल, पण ती पलीकडची ठेवा, आणि तिच्यावरची वेलही.