डेकवरची माणसं

जेट विमान जहाजावर उतरतं ते धावपट्टीवर उतरल्यासारखं नसतंच. धावपट्टी जागची हलत नाही. इथे जहाज वाऱ्याच्या तोंडावर धरून वेगात हाकलेलं असतं आणि लाटेसरशी त्याचा मागचा भाग वर-खाली होत असतो. डेकवर आडव्या पोलादी वायरी ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटाखालचा हूक त्यातल्या एकीत अडकला, तर विमान काही सेकंदांत थांबतं. नाही अडकला, तर ते तसंच पुढे जाऊन पुन्हा हवेत उठलं पाहिजे. म्हणून चाकं टेकताक्षणी पायलट इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण देतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही, इतका आवाज होतो.

१८ मे १९६१ रोजी 'विक्रांत'वर पहिलं जेट उतरवलं ते ताहिलियानी यांनी. पुढे ते नौदलप्रमुख झाले. तेजसची नौदलासाठीची आवृत्ती ११ जानेवारी २०२० रोजी 'विक्रमादित्य'वर पहिल्यांदा उतरवली ती कमोडोर जयदीप मावळणकर यांनी. हे नाव पेपरात वाचलं तेव्हा ऊर भरून आला होता. ही नावं लक्षात राहायलाच हवीत. पण दोन्ही वेळा डेकवर हूक सोडवायला कोणीतरी उभं असणार, असंही माझ्या मनात येतं. कारण माझं काम तेच होतं.

मी देवगड तालुक्यातला. नौदलात एअरक्राफ्ट हँडलर म्हणून लागलो. सत्तरच्या दशकात आमच्या जहाजावर सी हॉक असायची, एका पायलटची, एका इंजिनाची. विमान थांबलं की वायर त्याला जराशी मागे ओढते आणि हूक आपसूक सुटतो. नाही सुटला, तर लोखंडी गज घेऊन धावायचं. इंजिन चालूच असतं, पायाखाली तेलकट डेक असतो आणि मागचं विमान जहाजाकडे येतच असतं. आमचे चीफ पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट कानीकपाळी ओरडायचे: ताणलेल्या वायरीच्या आवाक्यात उभं राहायचं नाही आणि पाठ कधी मागच्या बाजूला करायची नाही.

त्या वर्षांतला एक दिवस सांगतो. तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. आभाळ मोकळं होतं, पण लाट अजून लांब आणि जड होती. पहिलं विमान नीट उतरलं. दुसरं आलं ते पायलटला उंची दाखवणाऱ्या डेकवरच्या आरशाच्या दिव्यांप्रमाणे अगदी बरोबर उंचीवर होतं, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं आणि मलाही तसंच दिसलं होतं. नेमक्या त्या क्षणी जहाजाचा मागचा भाग उठला. विमान डेकवर आपटलं म्हणण्यापेक्षा डेकच जाऊन विमानाला भिडलं. उजव्या चाकाचा दांडा मोडला. हूकने वायर धरली होती, पण विमान उजवीकडे कलंडलं आणि पंखाचं टोक डेकवर घासत, ठिणग्या उडवत आमच्या बाजूला वळलं.

मी कडेच्या जाळीत उडी टाकली. माझा जोडीदार साताऱ्याकडचा, माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे उभा होता. त्या एका पावलाने तो जाळीपर्यंत पोचला नाही. मोडलेल्या दांड्याचा तुकडा त्याच्या मांडीवर बसला.

मी वर चढलो तोवर आग विझवणाऱ्यांनी विमानावर फेस मारायला सुरुवात केली होती. पायलटसाहेब कॉकपिटमधून बाहेर आले, हेल्मेट काढलं आणि पहिलं विचारलं ते, "कोणाला लागलंय का?" मग त्यांना तो डेकवर पडलेला दिसला आणि ते त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसले. स्ट्रेचर येईपर्यंत त्यांनी त्याचा हात सोडला नाही.

वर आणखी विमानं घिरट्या घालत होती आणि त्यांचं इंधन संपत चाललं होतं. अपघात झाला म्हणून डेकवर कोणाला थांबता येत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. क्रेनने मोडकं विमान बाजूला ओढलं. मग आम्ही खांद्याला खांदा लावून ओळीने उभे राहिलो आणि वाकून डेक वेचत निघालो. मला एक रिव्हेट सापडला, पत्र्याची वाकलेली किनार सापडली, काचेचा नखाएवढा तुकडा सापडला. जेटच्या तोंडात एक नट गेला तरी इंजिन निकामी होतं, म्हणून काहीच सोडायचं नसतं. फेस होजने धुतला तेव्हा त्याखालचं रक्तही वाहून गेलं. वायर बदलली. विमानं एकामागून एक उतरली आणि त्यांचे हूक सुटतात की नाही हे बघायला मी पुन्हा उभा राहिलो.

जोडीदाराला चेतक हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर नेलं, तिथून मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात. पाय वाचला, पण डेकवर तो परत आला नाही. पुढची नोकरी त्याने स्टोअरमध्ये केली. अजून आमचं फोनवर बोलणं होतं.

अशा अपघातांच्या बातम्या आल्या की मी डेकवरची माणसं शोधतो. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या 'आयझेनहॉवर'वर हॉकआय विमानाने वायर बरोबर धरली, पण वायरीने दगा दिला. विमान डेकच्या टोकावरून खाली गेलं आणि पाण्याला टेकता टेकता वर आलं. पायलटने ते नॉरफोकला सुखरूप उतरवलं. त्याचं कौतुक जगभर झालं आणि ते योग्यच होतं. डेकवरचे आठ जण त्या वायरीने जखमी झाले, हे मात्र बातमीच्या तळाशी होतं. २४ जानेवारी २०२२ रोजी दक्षिण चीन समुद्रात 'कार्ल विन्सन'वर एफ-३५सी डेकच्या मागच्या कडेला आपटलं. पायलट नेहमीपेक्षा झटपट वळण घेऊन येत होता. उतरताना मदत करणारी स्वयंचलित यंत्रणा चालू करायची राहिली आणि इंजिनाचा जोर कमी पडला, असं चौकशीत निघालं. पायलट आसनासकट बाहेर फेकला जाऊन वाचला. विमान डेकवरून घसरत समुद्रात गेलं. मग कित्येक आठवडे चर्चा एकच, ते चीनच्या हाती लागेल का? २ मार्चला ते सुमारे १२,४०० फुटांवरून वर काढलं, त्याचे फोटो सगळीकडे छापून आले.

विमान महाग असतं, गुपितं असतात, सगळं मान्य. पण अपघाताच्या दिवशी पायलट धरून सात जण जखमी झाले होते आणि त्यांतले सहा उडतच नव्हते. ते आपापल्या कामावर उभे होते. माझ्या दृष्टीने बातमी तिथून सुरू व्हायला हवी.

विमान सापडलं हे सांगायला मी जोडीदाराला फोन केला. तो म्हणाला, "ते काढणारच होते. पोरांचं काय झालं, ते सांग." अपघातानंतर अमेरिकी नौदलाने काढलेलं निवेदन मी जपून ठेवलं होतं. तिघांना मनिलाला हलवलं, त्यांची प्रकृती स्थिर. चौघांवर जहाजावरच उपचार केले, त्यांतल्या तिघांना सोडलं. एवढंच होतं त्यात, ते त्याला वाचून दाखवलं.