बरोबरीत सुटलेली कुस्ती

आमचा आणि कुस्तीचा संबंध आजवर केवळ वाक्प्रचारांपुरता होता. 'शड्डू ठोकणे', 'अस्मान दाखविणे' यांचा वाक्यांत उपयोग करा, असे फळ्यावर लिहिण्यात आमची तीस वर्षे गेली. बेळगावच्या खडेबाजारात राहूनही तालमीचा उंबरठा आम्ही कधी ओलांडला नव्हता.

यंदा मात्र आमच्या भागातील वस्तादांनी आम्हांला गाठलेच. जवळच्या एका गावी यात्रेनिमित्त कुस्त्यांचे लहानसे मैदान होते. "सर, एक कुस्ती तुमच्या हातनं लागायला पायजे," असा त्यांचा हट्ट. नाही म्हणवेना, गेलो.

हलगी कडाडत होती. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास दरवळत होता. निवेदक एक वाक्य मराठीत तर दुसरे कानडीत बोले आणि टाळ्या दोन्हींना सारख्याच पडत. आरंभी चिमुरड्यांच्या कुस्त्या झाल्या. गादीवरील कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांचा हिशेब. येथे मातीत हिशेब एकच, पाठ टेकली की संपले. वस्ताद शेजारी बसून घिस्सा कोणता, ढाक कोणती, हे आम्हांला समजावीत होते. आयुष्यात प्रथमच आम्ही विद्यार्थी झालो होतो आणि ते आम्हांला आवडतही होते.

मग आमचे नाव पुकारले गेले. हौदात उतरून पाहतो तो समोर आमच्याच दहावीच्या वर्गातील मुलगा! मागच्याच महिन्यात त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून आम्ही विचारले होते, "मातीत लोळून कुणाचे पोट भरले आहे?" त्या आठवड्यात दोन दिवस तो गैरहजर होता. 'ताप आला होता' अशी चिठ्ठी आमच्या टेबलावर होती. त्याने मान वर केली नाही. चिमूटभर माती कपाळी लावली, आमच्या पायांना हात लावला आणि शड्डू ठोकला. प्रेक्षकांत फेटा बांधून बसलेले त्याचे वडीलही आम्हांला दिसले. आम्ही दोघांचे हात मिळवून दिले.

वीस मिनिटे कुस्ती चालली. प्रतिस्पर्धी अंगाने भारी होता. एकदा त्याने आमच्या मुलाला खाली घेऊन असे दाबले, की सर्व संपलेच असे वाटले. पण मुलाने मान रोवली आणि पाठ काही मातीला लागू दिली नाही. त्या क्षणी कोणीतरी मोठ्याने ओरडले. हजेरीपटावरील संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह! तो आवाज आमचाच होता, हे वस्ताद हसू लागल्यावर ध्यानी आले. अंधारू लागले तेव्हा पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडविली.

परतताना खाशाबा जाधव आठवत राहिले. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले, हे आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो. त्यांना तेथवर पोहोचता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. तेही शिक्षक आणि आम्हीही शिक्षक. त्यांनी घर गहाण टाकले. आमच्याकडून एक बरा शब्दही सुटला नव्हता.

एस. टी. च्या थांब्यावर तो मुलगा आला. कान सुजलेला होता. "सर, ताप नव्हता," एवढेच म्हणाला.

"ठाऊक आहे," आम्ही म्हणालो. "सोमवारी गणिताची पूर्वपरीक्षा आहे."

"येतो, सर."

"आणि तालमीत पहाटे जात जा. शाळा बुडवून नाही."

सोमवारी तो आला. सुजलेल्या कानावर हात ठेवून तीन तास गणिते सोडवीत होता. त्याला गुण बेताचेच पडले. कमी असे म्हणवत नाही.

ती चिठ्ठी अजून आमच्या खणात आहे. खोटी म्हणून फाडून टाकावी, तर ती लिहावयास आम्हीच त्याला भाग पाडले. खरी म्हणून फायलीस लावावी, तर मुख्याध्यापकाचे मन धजत नाही. ही कुस्तीही बरोबरीतच सुटली म्हणायची.