पाकिटात पाकीट

आठवड्यातले पाच दिवस दुसऱ्यांच्या डेटाबेसची काळजी वाहणारा मी, मागच्या वर्षी चक्क पोस्टाच्या पाकिटांत अडकलो. माझी मावसबहीण हॉलंडमध्ये पीएचडी करते. तिला निरनिराळ्या देशांतल्या कंपन्यांच्या मॅनेजरांना प्रश्नावली पाठवायची होती. तीही कागदावर!

"अगं, ईमेल टाक की."

"दादा, अनोळखी माणसाचा ईमेल तू तरी उघडतोस का?"

मी गप्प. मेल-मर्ज आणि लेबलांची फाईल माझ्या गळ्यात.

मग वाचायला लागलो. ॲन-विल हार्झिंगबाईंनी १९९७ साली २२ देशांतल्या टपाल सर्वेक्षणाचे आकडे छापले. हाँगकाँगहून जेमतेम ७ टक्के उत्तरं, डेन्मार्कहून ४२!

उपाय? एडवर्ड्स आणि मंडळींनी २००२ मध्ये २९२ प्रयोग एकत्र तपासले. सोबत पैसे दिले तर उत्तराची 'ऑड्स' दुप्पट (टक्केवारी नव्हे, बरं का!). त्यातही "भरून पाठवा, मग देऊ" यापेक्षा आधीच हातात ठेवलेलं जास्त चालतं. आहेर घेतला की जेवायला थांबावंच लागतं, तसं. छोटी प्रश्नावली, आधी कळवणं आणि नंतर आठवण करणं, यांचाही उपयोग होतो.

पण देशाबाहेर गाडी अडते. नोट कुठल्या चलनात ठेवणार? परतीच्या पाकिटावरचं डच तिकीट जपानच्या पोस्टात चालत नाही. यासाठीच १९०६ मध्ये आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन ठरलं. त्याच कूपनांच्या नावाखाली चार्ल्स पाँझीने १९२० मध्ये बॉस्टनकरांना टोप्या घातल्या! ब्रिटनने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये त्यांची विक्री बंद केली. आता सोयीची ती इंटरनॅशनल बिझनेस रिप्लाय सेवा. जेवढी पाकिटं परत येतील तेवढ्यांचाच टपालखर्च.

खरं भांडण झालं ते लांबीवरून. मी म्हटलं, आठ पानांची चार कर. ती म्हणाली, "एकेक पान म्हणजे माझं एकेक प्रकरण आहे!" शेवटी पाचवर तह झाला.

मला वाटायचं, कमी उत्तरं म्हणजे फक्त छोटा डेटा. तसं नाही. गप्प बसलेले लोक वेगळेच असले तर? अडचणीतल्या कंपन्यांनी पाकीट फोडलंच नाही, तर तिचा चार वर्षांचा प्रबंध फक्त निवांत मॅनेजरांची गोष्ट सांगणार. आमच्याकडे निदान एरर लॉगमध्ये दिसते. न आलेलं पाकीट काहीच बोलत नाही.

असो. सध्या ती गप्प राहिलेल्यांपैकी काहींना दोनच प्रश्नांचं कार्ड पाठवतेय. लेबलं अर्थात माझ्याकडेच.